समर्थांचा कणखरपणा

नारायण धारप (१९२५–२००८) यांचा विषय निघाला की उसनवारीची चर्चा आधी होते. ती निराधार नाही. ‘लुचाई’वर स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीची दाट छाया आहे. ‘तुंबाड’ (२०१८) चित्रपटाला प्रेरणा देणाऱ्या ‘आजी’ कथेचं मूळही किंगकडेच सापडतं. पण धारपांनी मराठीला दिलेला ‘समर्थ’ हा नायक या हिशेबात हरवतो, असं मला वाटतं.

अर्णाळकरांच्या झुंजारचं शौर्य गुन्हेगारी जगात दिसतं. समर्थांसमोर अमानवी शक्ती असते आणि तिच्यापुढे ते तसूभर हटत नाहीत. तरी त्यांचं पहिलं काम ऐकून घेण्याचं. आपल्याला वेड्यात काढतील या धास्तीने गप्प बसलेल्या माणसावर ते आधी विश्वास ठेवतात. मंत्र, साधना, झुंज हे सगळं त्यानंतर. त्यांच्या कणखरपणाला कणवेचं अस्तर आहे.

अंधेरी-मुलुंडच्या वाचनालयांत धारपांची पुस्तकं हाताळून खिळखिळी झालेली मी पाहिली आहेत. भिंतीला भिंत लागून राहूनही मनातलं भय शेजाऱ्याला सांगता येत नाही, अशा वाचकाला भुताइतकीच या ऐकणाऱ्याची ओढ असणार. धारपांचं मूल्यमापन करताना उसन्या कथानकांबरोबर हेही मोजायला हवं.