कॉफीचा मळा, हापुसाची बाग आणि फाल्गुनांतला पाऊस

समुद्रपर्यटनाच्या मोठ्या जहाजांतून हिंडणाऱ्या प्रवाशांना बंदर लागलें म्हणजे कांहीं तासांची मोकळीक मिळते, आणि त्या वेळांत काय पाहावयाचें हें बहुधा आधींच ठरलेलें असतें. मध्य अमेरिकेंतील ग्वातेमालाच्या किनाऱ्याला जहाज लागलें, तर कित्येक प्रवासी आंतल्या डोंगराळ भागांतील कॉफीचे मळे पाहावयास जातात. तेथें झाड दाखवितात, लाल फळ हातावर ठेवतात, शेवटीं पेलाभर ताजी कॉफी देतात, आणि सायंकाळच्या आंत मंडळी पुन्हां जहाजावर. समजा, असाच एक पाहुणा सकाळीं रत्नागिरीस उतरला आणि "येथला कॉफीचा मळा दाखवा" म्हणाला. येथें कॉफी होत नाहीं, आंबा होतो, एवढें उत्तर त्याला देतां येईल. परंतु श्रोतेहो, कॉफी येथें कां होत नाहीं, ह्या प्रश्नाचा माग काढीत गेलें तर आंब्याचीच बाग अधिक चांगली समजते. आज तोच माग आपण काढूं.

कॉफी आपल्याकडे आली ती अरबस्तानांतून. बाबा बुदन नांवाच्या फकिरानें सतराव्या शतकांत येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आजहि देशांतील कॉफीचा मोठा वांटा कर्नाटकांतील कोडगू, चिकमगळूर आणि हासन ह्या जिल्ह्यांतून येतो; महाराष्ट्रांत ती पाहावयाची तर विदर्भांतील चिखलदऱ्याला जावें लागतें. ह्या जागा उंच आहेत. अरेबिका जातीची कॉफी सुमारें १,००० ते १,५०० मीटर उंचीवर सुखानें वाढते, आणि रोबस्टा त्याच्या खालच्या उतारावर. तिला गारवा हवा, डोक्यावर मोठ्या झाडांची सावली हवी, मुळाशीं पानांच्या खताची माती हवी. रत्नागिरीच्या आंबराया समुद्राजवळच्या जांभ्या कातळावर, उघड्या उन्हांत उभ्या आहेत. उंची आणि माती हें एक कारण झालें. दुसरें कारण आहे पावसाचें.

रत्नागिरीस पाऊस कमी पडतो असें कोणी म्हणणार नाहीं. वर्षाला सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस येथें पडतो. पण तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. कॉफीला ह्याखेरीज आणखी एक पाऊस लागतो. तिच्या फांद्यांवर कळ्या धरतात, परंतु हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत त्या झोंपी गेल्यासारख्या राहतात. मार्च-एप्रिलमध्यें एखादी चांगली सर आली आणि ओल मुळांपर्यंत पोंचली, कीं आठ-दहा दिवसांत सारा मळा एकदम पांढऱ्या फुलांनीं भरून जातो. पुढें कांहीं आठवड्यांनीं दुसरी सर आली म्हणजे धरलेलें फळ टिकतें. ह्या सरी चुकल्या तर मळेवाल्याला तुषारसिंचनानें पाणी द्यावें लागतें. फाल्गुन-चैत्रांत तो आकाशाकडे पाहतो तो ढगाच्या आशेनें.

आतां हापुसाचें पाहा. हें नांव पोर्तुगीज अधिकारी आफोंसो द आल्बुकेर्क याच्या नांवावरून पडलें असें मानितात. उत्तम आंब्याचीं कलमें बांधण्याची विद्याहि गोव्याच्या पोर्तुगीजांच्या काळांत ह्या किनाऱ्यावर रुजली. ह्या झाडाचा स्वभाव कॉफीच्या उलट. पाऊस थांबून जमीन सुकली, रात्री थंड झाल्या, म्हणजे मोहोर फुटतो. पाऊस लांबला तर मोहोराऐवजीं पालवीच येते. एका तुऱ्यावर फुलें शेंकड्यांनीं, कधीं हजारोंनीं असतात, पण अखेर हाताला लागणारीं फळें फार तर एक-दोन. फेब्रुवारींत थंडी फार पडली तर त्याच फांदीवर पुन्हां मोहोर येतो, झाडाची शक्ति तिकडे वळते आणि आधीं धरलेली बारीक कैरी गळते. ह्याला पुनर्मोहोर म्हणतात. शिवाय तुडतुडे आहेत, भुरी आहे, आणि प्रत्येकीसाठीं फवारणी आहे.

अशा वेळीं, म्हणजे फाल्गुनांत, सर आली तर? घाटावरच्या कॉफीला जी सर जीवदान देते, तीच कोंकणांत अवकाळी ठरते. दमट हवा मिळतांच करपा नांवाची बुरशी पसरते; मोहोर काळवंडतो, कोंवळ्या कैऱ्या गळतात, राहिलेल्या फळांवर काळे डाग उमटतात. डागी फळाची चव बिघडलेली नसली तरी बाजारांत त्याचा भाव उतरतो. खत, राखण, फवारणी ह्यांचा वर्षाचा खर्च तोंवर होऊन गेलेला असतो, आणि त्याची भरपाई व्हावयाची ती दोन महिन्यांच्या विक्रींतून. हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे. पण त्याची भरपाई हवामान केंद्रांत मोजलेल्या पावसावर आणि तपमानावर ठरते, आणि केंद्रांत पडलेली सर व बागेंत पडलेली सर ह्या नेहमीं एकच नसतात. २०१८ सालीं कोंकणांतील पांच जिल्ह्यांच्या हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांवाचें रक्षण झालें. मोहोराचें रक्षण ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.

मे महिन्यांत येणाऱ्या पाहुण्याला ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्याला दिसते ती काढणी, आणि तीहि पाहण्यासारखी असते. फळ झेल्यानें, देठासकट काढतात, कारण चीक सालीवर ओघळला तर डाग पडतो. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें तयार केलेला नूतन झेला ह्याच कामाचा. पुढें भाताच्या पेंढ्यांत अढी लावतात. एवढें करूनहि एखादें सुंदर फळ कापल्यावर आंत पांढरट, आंबूस गर निघतो. तो साका, आणि बाहेरून तो ओळखूं येत नाहीं. त्याच विद्यापीठानें नीलम आणि हापूस ह्यांच्या संकरांतून काढलेली 'रत्ना' ही जात साक्यापासून मुक्त आहे.

पूर्वीं मुंबईहून येणारी आगबोट रत्नागिरीसमोर थांबे आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला येत. पावसाळा लागला कीं बोट बंद होई, त्याच सुमारास आंबाहि संपे. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हांपासून बारमाही वाट मोकळी आहे. म्हणून ज्याला आंब्याची बाग खरोखर पाहावयाची असेल त्यानें एकदां डिसेंबर-जानेवारींत, मोहोराच्या दिवसांत जावें. बागाईतदाराला भाव विचारण्यापूर्वीं मोहोर केव्हां आला, थंडी किती पडली, हें विचारावें. मग मे महिन्यांत घरीं पेटी उघडतांना त्या फळांमागें किती कोरडे दिवस उभे आहेत हें आपल्याला कळेल, आणि एखाद्या डागी फळाला आपण इतक्या सहज बाजूला सारणार नाहीं.