धडा आधीं, वजन मागून

तेल मोजून देतांना वाणी प्रथम रिकाम्या भांड्याचा धडा करतो आणि मगच त्यांत तेल ओततो. धडा चुकला, तर तराजू कितीहि नाजूक असो, गिऱ्हाईक तरी फसतें किंवा वाणी तरी बुडतो. श्रोतेहो, पातळ पटलांतील हायड्रोजन मोजणाऱ्या शास्त्रज्ञाचीहि हीच अडचण आहे.

हा हायड्रोजन मोजावयाचा तरी कशाला? अस्फटिकी सिलिकॉनच्या पटलांत अणूंची मांडणी विस्कळित असते. कांहीं अणूंचा एखादा हात मोकळाच राहतो आणि विजेचे कण तेथें अडकून पडतात. हायड्रोजन तो हात धरतो. स्कॉटलंडमधील डंडी येथें १९७५ सालीं स्पीअर व लेकोंबर यांनीं असल्या सिलिकॉनची विद्युद्वाहकता अल्प भेसळीनें हवी तशी बदलतां येते, हें दाखविलें. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या लहान गणकयंत्रांतील पट्ट्या याच सिलिकॉनच्या. हायड्रोजन कमी पडला तर मोकळे हात उरतात. फार झाला तर पटल सच्छिद्र होतें. चांगल्या पटलांत शंभर अणूंमागें तो सुमारें दहा असतो. पण एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या व सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या पटलांत त्याचें वजन ग्रॅमच्या दशलक्षांशाइतकेंहि भरत नाहीं!

मग मोजावयाचें कसें? पटल निर्वात पात्रांत ठेवून हळूहळू तापवितात. सच्छिद्र पटलांतून सुमारें ४०० अंश सेल्सिअसला, घट्ट पटलांतून ६०० अंशांच्या आसपास हायड्रोजन बाहेर पडतो. मास स्पेक्ट्रोमीटर त्याच्या रेणूंना विद्युद्भारित करून चार दांड्यांमधून नेतो. दांड्यांवरील विद्युद्दाब असा ठेवतात कीं, वस्तुमान २ चेच कण पार जावेत. त्यांच्यामुळें उत्पन्न होणारा प्रवाह, मोजून सोडलेल्या हायड्रोजनच्या प्रवाहाशीं ताडून पाहिला म्हणजे रेणूंची संख्या कळते.

परंतु पात्राच्या भिंतीहि तापतांच हायड्रोजन व पाण्याची वाफ सोडतात. कोणता हायड्रोजन पटलाचा आणि कोणता भिंतीचा, हें यंत्राला कळत नाहीं. म्हणून पटलाविना कोरी चकती तितकीच तापवून जें मिळेल तें वजा करावें लागतें. याहून पक्की युक्ति जड हायड्रोजनची. तो यूरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३१ सालीं शोधला. चाचणीचें पटल बनवितांना साध्या हायड्रोजनऐवजीं तोच वापरला, तर पटलांतले रेणु वस्तुमान ४ वर दिसतात आणि भिंतींतले २ वरच राहतात.

तेव्हां यंत्रानें आंकडा दिला म्हणजे मोजमाप झालें, असें समजूं नये. आधीं विचारावें: धडा केला होता काय?