वलंदेजांच्या देशात

मंडळी, आमचे विमान ज्या जमिनीवर उतरले ती जमीन पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या तळ्याचा तळ होती. ॲमस्टरडॅम शहराजवळचा हा विमानतळ आजही समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे. तळ्याचे नाव हारलेमरमेर. वादळ झाले की त्याच्या लाटा काठची जमीन खात सुटत. शेवटी १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी हे तळे उपसून कोरडे केले. तिथे आधी शेती झाली आणि पुढे विमाने उतरू लागली. सामानाची वाट पाहताना मी हे सारे घरच्यांना सांगत होतो. त्या म्हणाल्या, "अहो, म्हणजे आपण आता पाण्याखाली उभे आहोत का?" मी म्हटले, "पंप थांबले तर उभे राहू."

आमच्या घरच्यांचे माहेर पेण तालुक्यातल्या खारेपाटात आहे. खाडीचे खारे पाणी अडवायला मातीचे बांध, बांधात उघाडी, आणि बांधाच्या आत भाताची शेते, अशा मुलखात त्यांचे बालपण गेले. मी महाविद्यालयात शिकवणारा, घाटावरचा माणूस. विहिरीतले पाणी वर कसे आणावे, एवढीच आमच्या घराण्याची चिंता. तेव्हा मे महिन्याच्या सुटीतल्या या प्रवासात पुस्तकी माहिती माझी आणि जाणती नजर त्यांची, अशी वाटणी झाली, हे आधीच सांगून टाकतो.

देशाचे नाव नेदरलँड्स, म्हणजे सखल मुलूख. हॉलंड हे खरे तर त्यातल्या दोन प्रांतांचे नाव, पण आपल्या तोंडी तेच बसले आहे. शिवकालीन कागदांत ज्यांना 'वलंदेज' म्हटले आहे ते हेच लोक. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. देशाची सुमारे चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. आणखी बरीच अशी, की बांध नसते तर पुराच्या वेळी ती पाण्यात गेली असती.

ॲमस्टरडॅम शहराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. कालवे, पूल आणि माणसांपेक्षा जास्त सायकली! घरे अरुंद आणि उंच, काही तर शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकल्यासारखी कललेली. खालची जमीन चिखलाची, म्हणून सारी इमारत लाकडी खांबांवर उभी. मुख्य चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत, आणि हा आकडा तिथल्या शाळकरी पोरांना पाठ असतो म्हणतात. जेवणाचे म्हणाल तर दुपारी थंड पाव आणि चीज. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे मेतकुटाची आठवण निघाली.

पण शहराच्या नगरभवनातली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तिथे काचेच्या तीन उभ्या नळ्या आहेत. पहिल्या दोन नळ्यांत समुद्रकाठच्या दोन बंदरांवर त्या घटकेला भरती-ओहोटीचे पाणी किती आहे ते दिसते, आणि पाणी हळूहळू वरखाली होत असते. तिसऱ्या नळीतले पाणी हलत नाही. ते माणसाच्या डोक्याच्या खूप वर, ४.५५ मीटरवर आहे. १९५३ साली झेलँड प्रांतात समुद्र एवढा चढला होता. आम्ही दोघे मान वर करून पाहत राहिलो. त्या नळीची गोष्ट पुढे सांगतो. आधी तिथली शेती पाहू.

ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला बीमस्टर नावाचा टापू आहे. तिथे एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही दोन दिवस राहिलो. पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते, सरळ चर, हिरवी कुरणे आणि काळ्यापांढऱ्या गाई. बीमस्टर हेही एके काळचे तळेच. ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी भांडवल घातले. पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारात ज्यांनी पैसा केला, अशी मंडळी त्यांत होती. १६१० साली वादळाने बांध फुटला आणि उपसलेले तळे पुन्हा भरले. व्यापाऱ्यांनी पुन्हा पैसे घातले, आणि १६१२ साली सुमारे सात हजार हेक्टर, म्हणजे सतराएक हजार एकर जमीन कोरडी झाली. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता.

हे करतात कसे? शिक्षक मित्रांनो, फळ्यावर एक परात काढा. परातीचा काठ म्हणजे तळ्याभोवती घातलेला बांध. बांधाच्या बाहेर, त्याला लागून, एक कालवा खणायचा. आता परातीतले पाणी उचलून त्या कालव्यात टाकायचे, की ते कालव्यातून पुढे समुद्राला जाते. उचलण्याचे काम पवनचक्कीचे. वाऱ्याने पाती फिरतात आणि त्यांच्या जोरावर खालचे चाक किंवा मळसूत्र पाणी वर ढकलते. चाकाची एक चक्की पाणी फार तर मीटर-दीड मीटर वर चढवणार. तळे त्याहून खोल असेल तर चक्क्यांची ओळ लावतात. पहिली पाणी चढवून दुसरीला देते, दुसरी तिसरीला देते. अशा कोरड्या केलेल्या जमिनीला ते 'पोल्डर' म्हणतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तळे एकदा उपसले की काम संपले, असे नाही. पाऊस पडतच असतो आणि खालून पाझरही लागतो. त्यामुळे चारशे वर्षांपूर्वी सुरू झालेला उपसा आजही चालू आहे. आता वाऱ्याऐवजी पंप हे काम करतात, एवढाच फरक. शिवाय जमीन भुसभुशीत, कुजक्या झाडपाल्याची असेल तर ती वाळली की बसते. बसली की आणखी खाली जाते, आणि खाली गेली की आणखी उपसावे लागते. देशाच्या पश्चिमेकडे कित्येक शेते अशी वर्षानुवर्षे खचत आली आहेत. आपल्याकडे मोटार जळली की पीक वाळते, तिथे पंप बंद पडला की पीक बुडते.

घरच्या मंडळींचे लक्ष बांधातल्या झडपेकडे. त्यांनी लगेच ओळखले, "ही तर आपली उघाडी!" ओहोटी लागली की आतले गोडे पाणी दार ढकलून बाहेर जाते, आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटते. समुद्रकाठच्या बांधांत डच लोकांनी शतकानुशतके हीच युक्ती वापरली. आमच्या कोकणात ती आहे, आणि गोव्याच्या खाजणांत तिलाच 'मानस' म्हणतात. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे समजू नका. पाणी आणि माणूस सगळीकडे सारखेच, म्हणून युक्तीही सारखीच सुचली असावी.

मग त्यांनी यजमानांना विचारले, "बांध कोणाचा?" प्रश्न साधा होता, पण उत्तराला संध्याकाळ लागली.

तिथे 'वॉटरस्खाप' नावाची संस्था असते. आपण तिला पाणी-मंडळ म्हणू. बांध, चर, कालवे, पंप हे सारे तिच्याकडे. तिची निवडणूक वेगळी आणि करही वेगळा. शेतकरी तर भरतोच, पण शहरात चौथ्या मजल्यावर राहणारा बिऱ्हाडकरूही भरतो, कारण पाणी आले तर त्याचाही जिना बुडणार. लायडन शहराच्या बाजूच्या एका मंडळाचा उल्लेख १२५५ सालच्या सनदेत आहे. आपल्याकडे ते देवगिरीच्या यादवांचे दिवस. शेताकडेचा चर ज्याच्या हद्दीत तो त्याने साफ करायचा. शरद ऋतूत मंडळाचा माणूस पाहणीला येतो. चर तुंबलेला दिसला तर आधी ताकीद, आणि तरीही हात हलवला नाही तर मंडळ तो साफ करून घेते व खर्च मालकाकडून वसूल करते. आमचे यजमान हे सांगताना हसत होते, पण चर मात्र त्यांचा आरशासारखा होता.

जुन्या काळी याहून कडक रिवाज होता. बांधाचा आपल्या वाट्याचा तुकडा ज्याला राखणे झेपेना, त्याने आपले फावडे बांधात रोवून निघून जायचे. जो ते फावडे उपसेल त्याची जमीन आणि त्याचाच बांध.

यावरून आठवले. बांधाला पडलेल्या भोकात बोट घालून रात्रभर बसलेल्या डच मुलाची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचली असेल, आणि शिकवलीही असेल. ती गोष्ट जगभर गाजली ती १८६५ साली निघालेल्या एका अमेरिकन लेखिकेच्या पुस्तकामुळे. प्रवासी विचारतात म्हणून तिकडे त्या मुलाचे पुतळे उभे केले आहेत, पण आमच्या यजमानांना तिचे फारसे कौतुक दिसले नाही. ते म्हणाले, "रात्री मुलाला बोट घालावे लागले, तर दिवसा मंडळाचा माणूस कुठे होता?"

दुसऱ्या आठवड्यात आम्ही शोकलँड पाहिले. हे एक जुने बेट. लाटा ते खात चालल्या, म्हणून १८५९ साली सरकारने सगळी वस्ती हलवली. पुढे १९३२ साली बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून समुद्राचे ते आखातच बंद केले, आणि १९४२ साली बेटाभोवतीचा तळ कोरडा झाला. आज तुम्ही सायकलवरून त्या बेटावर जाता. जुन्या धक्क्याशी उभे राहावे, तर समोर बटाट्याची शेते. धक्का आहे आणि पाणी नाही, हे पाहून मन जरा चरकते.

आता त्या तिसऱ्या नळीची गोष्ट. आगगाडी आणि बस करून आम्ही दक्षिणेला झेलँडमध्ये गेलो. १९५३ सालच्या ३१ जानेवारीची रात्र, शनिवार. वायव्येकडून वादळ आणि त्याच वेळी उधाणाची भरती. हवामान खात्याने धोका ओळखून इशारा दिला होता. पण त्या काळी तिथले रेडिओ केंद्र मध्यरात्री बंद होत असे, आणि त्या रात्रीही ते बंद झाले. शनिवार असल्याने कित्येक कचेऱ्यांत माणूस नव्हता. लोक झोपेत असताना पहाटे बांध फुटत गेले. १,८३६ माणसे बुडाली. जनावरे तर हजारोंनी गेली. तारा तुटल्यावर बाहेरच्या जगाशी बोलणे सुरू ठेवले ते घरगुती रेडिओयंत्रे बाळगणाऱ्या हौशी मंडळींनी. ज्या माध्यमातून मी तुमच्याशी बोलतो, त्याच्या एका झोपेची ही हकीकत आहे, म्हणून ती सांगताना मी जरा थांबतो.

बांध ठेंगणे आहेत, असे योहान फान वेन नावाचा सरकारी इंजिनियर कित्येक वर्षे सांगत होता. महायुद्धातून नुकताच उठलेला देश, पैसा दुसरीकडे लागत होता. आणि ज्या पाणी-मंडळांचे मी इतके कौतुक केले, ती तेव्हा देशभर अडीच हजारांहून जास्त होती. त्यातली कित्येक इतकी लहान, की बांध वाढवणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे. हे लपवून ठेवणे बरे नव्हे. पुढे ती एकत्र करत करत आज एकवीस उरली आहेत.

औवरकेर्क गावाजवळ बांधाचे शेवटचे खिंडार त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला बुजवले. त्यासाठी काँक्रीटच्या चार प्रचंड पोकळ पेट्या बुडवल्या होत्या. त्या अजून तिथेच आहेत, आणि त्यांच्या पोटात आता पुराचे संग्रहालय आहे. जवळच, फुटलेल्या ठिकाणी पाण्याने कोरलेला डोह तसाच राहिला आहे.

पुरानंतर खाड्यांची तोंडे बंद करण्याची मोठी योजना झाली. पूर्व स्खेल्ड या खाडीचेही तोंड कायमचे बुजवायचे ठरले होते. पण खाडीत कालवे आणि शिंपले वाढवणारे कोळी आणि निसर्गप्रेमी मंडळी उठली. खारे पाणी आत आले नाही तर खाडी मरेल, असे त्यांचे म्हणणे. वर्षानुवर्षे वाद झाला आणि सरकारने बेत बदलला. भिंतीऐवजी बासष्ट पोलादी दारे बसवली, आणि १९८६ साली राणी बिआट्रिक्स यांनी त्या कामाचे उद्‌घाटन केले. एरवी दारे उघडी असतात, भरती-ओहोटी चालू राहते. पाणी तीन मीटरवर चढणार असा अंदाज आला तरच ती खाली उतरतात. घरच्या मंडळी म्हणाल्या, "एवढी मोठी उघाडी!" त्याहून नेमके वर्णन मी ऐकलेले नाही.

डोहाच्या काठी मात्र त्या बराच वेळ गप्प होत्या. त्यांच्या माहेरच्या बांधाला त्या लहान असताना अशीच खांड पडली होती. गावकरी म्हणाले, बांध आता सरकारचा. कचेरीतून उत्तर आले, गावाने आधी अर्ज करावा. अर्ज गेले, उधाणे येत राहिली, आणि सासऱ्यांचे साडेतीन एकर भातशेत चार वर्षांत मिठागरासारखे पांढरे झाले. पुढे त्यात कांदळवन उगवले. पूर्वी उधाणाच्या रात्री घरटी एक माणूस फावडे घेऊन बांधावर जाई, ते त्यांना आठवत होते. तो रिवाज कधी बंद पडला, हे मात्र सांगता येईना.

त्यांनी तिथल्या एका जुन्या झडपेचे, फळ्या ज्या खाचेत उतरतात त्या खाचेचे, जवळून छायाचित्र काढले आणि मोबाईलवरून भावाला पाठवले. रात्री त्याचे उत्तर आले: "ताई, खाच आपल्या उघाडीलाही आहे. फळी दोन वर्षांपूर्वी वाहून गेली. रविवारी आम्ही सातजण जाऊन नवी बसवणार आहोत, लाकूड पाटलांनी दिले आहे."