जयंतीच्या कॅसेट जपून ठेवा

नव्वदच्या दशकातला आवडता गाण्यांचा संग्रह मूळ तबकडीवरच हवा, असा छंद जगभर आहे. नांदेड-लातूरकडच्या माणसानं तो धरला तर मात्र पंचाईत होते. भारतात तबकड्या छापणं तेव्हा जवळजवळ थांबलं होतं. गायक प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आधीच्या पिढीनं तबकडीवर ऐकला. पुढे त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद शिंदे घराघरात पोचली ती कॅसेटमधून. तेव्हा आपल्याकडे कॅसेट हीच मूळ प्रत.

त्यातही भीमगीतांच्या, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या गाण्यांच्या, कॅसेट मला सर्वांत मोलाच्या वाटतात. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठी झालेल्या नामांतराच्या लढ्यात १९७८ साली नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ उभं राहिलं. या सगळ्या काळात वस्तीत, जयंतीच्या मांडवात ही गाणी कर्ण्यावर वाजत होती. त्या वर्षांतला संताप आणि अभिमान नुसती वर्तमानपत्रं चाळून कळत नाही, तो या गाण्यांत ऐकावा लागतो.

जुनी कॅसेट लावण्याआधी नीट बघा. रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी आहे का? रिळाला मागून दाबून धरणारा फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का? तो पडला असेल तर आवाज मधूनच बसतो. साठ मिनिटांच्या कॅसेटचं रीळ त्यातल्या त्यात जाड, नव्वदचं पातळ, लवकर ताणलं जाणारं. डेकचं हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. तरीही गायकाचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर कॅसेट लगेच बाद ठरवू नका. प्रत काढणाऱ्या यंत्राचं हेड तिरकं असलं की असं होतं. आपल्या डेकच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवा. टाळी, झांज, शब्दांतला ‘स’ एकदम मोकळा होतो. तो क्षण ज्यानं अनुभवला, तो हा छंद सोडत नाही.

आतलं कार्ड हरवलं असेल तर शेवटचं कडवं ऐका. आपलं नाव तिथे गुंफायची भीमगीतं लिहिणाऱ्या शाहिरांची रीत. ‘वामन’ ऐकू आलं की बहुधा वामनदादा कर्डक. ढोलकी, बँजो, कोरस यांची नावं मात्र कार्डावरच असली तर असतात, म्हणून कार्ड फेकू नका.

मोठ्या कंपन्यांची गाणी इंटरनेटवर सापडतील. गावातल्या गायनपार्टीनं स्वतः काढलेली कॅसेट कदाचित तुमच्याच माळ्यावर असेल. येत्या १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीआधी ती खाली काढा, संगणकावर उतरवून घ्या, आणि घरातल्या थोरांना विचारून गाणाऱ्यांची, वाजवणाऱ्यांची नावं सोबत लिहून ठेवा.