बांधावरची पांढरी काठी

भाताचा बांध जेमतेम पाऊलभर रुंद, पावसाळ्यात दोन्ही अंगांना चिखल. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर नजर गेलेल्या माणसाला एसटीच्या थांब्यापर्यंत जायचं तर वाट बऱ्याचदा अशीच असते. शहरात पांढरी काठी खांद्याच्या रुंदीइतकी डावी-उजवी टेकवत चालतात. बांधावर तेवढी जागा कुठली? इथे काठीचं टोक न उचलता, कड चाचपत पुढे सरकवावं लागतं. आणि हे कुणीतरी सोबत चालून शिकवावं लागतं.

काठीच्याही आधी येते ती डोळ्यांची तपासणी. कायद्यातलं अंधत्व म्हणजे निव्वळ काळोख नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, तर ती व्यक्ती अंध. म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर तिला तीन मीटरवरूनही ओळखता येत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं, पण अरुंद नळीतून पाहावं तसं, दहा अंशांहून कमी कोनातलं, तर तेही अंधत्वच. म्हणून ‘थोडं दिसतंय की’ म्हणत घरी बसू नये. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने नजर परत येऊ शकते. इलाज नसेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड काढावं.

त्या कार्डाने पुढची दारं उघडतात: एसटी प्रवासात ७५ टक्के सवलत, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, मुलांना परीक्षेत लेखनिक आणि दर तासाला वीस मिनिटं जादा. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पांढरी काठी, ब्रेल पाटी यांसारखी साधनं मिळतात. साध्या अँड्रॉइड फोनमधलं ‘टॉकबॅक’ पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं, तर रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप नोट ओळखून सांगतं, तेही इंटरनेटशिवाय. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईसाठी ही केवढी मोठी गोष्ट!

साधनाला शिकवणीची जोड मिळाली की काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. तलासरीला लागून असलेल्या उंबरगाव तालुक्यात, फणसा इथे, ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेचं टाटा कृषी व ग्रामीण प्रशिक्षण केंद्र आहे. अंध माणूस शेतीत राबू शकतो, या विश्वासावरच ते उभं राहिलं. गावातल्या माणसाला गावातलंच काम शिकवायचं, हा त्यामागचा विचार. पाड्यापाड्यावर पोचायला हवा तो हाच.

साधनवाटपाच्या शिबिरात काठी हातात पडेल, फोटो निघेल. त्याच वेळी एवढं जरूर विचारा: ही चालवायला शिकवण्यासाठी आमच्या बांधावर कोण येणार, आणि कधी?