चार पिढ्या आणि दोन शहरे



युरोपच्या प्रवासावर बोलणारे वक्ते बहुधा काय पाहिले ते सांगतात. माझा आजचा विषय त्याच्या आधीचा आहे. घरातली म्हातारी आणि लहान माणसे बरोबर घेऊन तिकडच्या जुन्या शहरांत जायचे झाले, तर बेत कसा आखावा, एवढेच मला सांगायचे आहे. मी प्रवासातला जाणकार नव्हे. माझी वर्षे युनियनच्या कचेरीत आणि कारखान्यांच्या फाटकांवर गेली. परंतु २०२५ च्या एप्रिलअखेरीस आम्ही सहाजण व्हिएन्ना आणि प्राग पाहायला गेलो: माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, मी व माझी पत्नी, मुलगी व जावई आणि सात वर्षांचा नातू. बेत करायला सहा महिने लागले. त्यांतले पहिले तीन फुकट गेले.

ते असे. जावई संगणकाच्या कामातले, हुशार आणि उत्साही. त्यांनी बारा दिवसांचा तक्ता करून आणला. त्यात पॅरिस, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट अशी सात शहरे होती, आणि प्रत्येक तासाचा हिशेब होता. आम्ही सर्वांनी वाहवा केली. आई भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, यात मी बसायची कुठे?"

मी म्हटले, "आई, गाडीत प्रत्येकाची जागा राखून ठेवलेली आहे."

"गाडीत नव्हे रे. तिथे पोचल्यावर."

तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सात शहरे म्हणजे सहा वेळा बिऱ्हाड हलवणे. सामान बांधा, स्टेशन गाठा, गाडी धरा, नव्या जागेची किल्ली मिळेपर्यंत सामानापाशी बसून राहा. तरुण माणसाचा यात अर्धा दिवस जातो. म्हाताऱ्या माणसाचा अख्खा जातो, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही त्या थकव्यातच जाते. बारांपैकी सहा दिवस असे गेले, तर आपण शहरे पाहायला चाललो की हमाली करायला?

पुढची गोष्ट सांगताना मला थोडी लाज वाटते. कारखान्यात कामगाराच्या मागे घड्याळ घेऊन उभा राहणारा टाइम-स्टडीवाला असतो. त्याच्याशी मी जन्मभर भांडलो, आणि आता मीच घड्याळ घेऊन आईच्या मागे फिरलो. आठवडाभर रोज संध्याकाळी तिला चालायला नेले. ती वीस मिनिटे सुखाने चालते, मग तिला दहा मिनिटे बसावे लागते. असे तीन वेळा झाले की दिवसाचे चालणे संपले. जिने चढते, उतरताना गुडघा धरतो. नातवाचेही माप काढले. तो दिवसभर पळेल, पण उभे राहून ऐकायचे म्हटले की दहा मिनिटांत खलास. ही दोन मापे हातात आल्यावर बेताला पाया मिळाला. सहाजणांत सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच सर्वांचा वेग. मोर्चाही आम्ही असाच काढतो. पुढच्यांनी झपाझप पावले टाकली की मागचा मोर्चा तुटतो.

मग शहरांकडे त्या डोळ्यांनी पाहिले. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. पॅरिसची भुयारी रेल्वे जुनी, १९०० साली सुरू झालेली. तिच्या थोड्याच स्थानकांत लिफ्ट आहेत. १९९८ साली सुरू झालेला चौदावा मार्ग तेवढा सबंध बिनपायऱ्यांचा. उलट व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेच्या सर्व स्थानकांत पायऱ्या न चढता फलाटावर जाता येते. तिथून प्राग रेल्वेने सुमारे चार तास, गाडी न बदलता. तेव्हा व्हिएन्नात सहा रात्री आणि प्रागला पाच असे ठरले. पॅरिस-रोम कमी मोलाची म्हणून वगळली असे कोणी समजू नये. बुडापेस्ट व्हिएन्नाहून पावणेतीन तासांवर आहे, "एका दिवसात जाऊन येऊ" असा जावयांचा आग्रह होता. तो माझ्या पत्नीने मोडून काढला. ती म्हणाली, "जाऊन-येऊन साडेपाच तास गाडीत, मग पाहायचे केव्हा?"

व्हिसाविषयी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक हे दोन्ही देश शेंगेन करारातले असल्यामुळे एकच व्हिसा चालतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झाला. फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो अशी आहे. आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना जुन्या दुखण्यांविषयीचे कलम बारीक अक्षरांत असते, तेच आधी वाचावे. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत, मोठ्यांचे घेतात. आईच्या बोटांचे ठसे यंत्रात उमटेनात. गिरणगावात तिने पंचवीस वर्षे कामगारांची खाणावळ चालवली. तव्याने आणि राखेने बोटे गुळगुळीत झालेली. चौथ्या खेपेस एकदाचे उमटले. तेव्हा म्हाताऱ्या कष्टाळू माणसांना घेऊन शेवटच्या आठवड्यात तिथे जाऊ नये.

विमानतळावर चाकांची खुर्ची हवी असेल तर किमान ४८ तास आधी कळवावे लागते. आई म्हणाली, "मी काय लंगडी आहे?" परंतु तिथल्या लांबच लांब वाटा पाहिल्यावर खुर्चीत मुकाट्याने बसली, आणि नातू ती ढकलायला मिळावी म्हणून भांडला.

राहायला आम्ही हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर घेतले. इथे एक खुबी आहे. तिकडे तळमजला सोडून वरच्या मजल्याला पहिला म्हणतात, हे आपल्याला ठाऊक असते. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत मात्र तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये आणखी एक-दोन मजले निराळ्या नावांनी असतात. कागदावरचा पहिला मजला प्रत्यक्षात आपला दुसरा-तिसरा निघतो. म्हणून मजला न विचारता पायऱ्या विचाराव्यात. आणि लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की अर्धा जिना चढल्यावर, हेही विचारावे. सामानात तांदूळ, डाळ, मेतकूट, चकल्या खुशाल न्याव्यात. तूप, पेढे, खवा मात्र नेऊ नयेत, कारण बाहेरून येणाऱ्याला मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत. आईने तुपाची बरणी डोळ्यांत पाणी आणून कपाटात परत ठेवली. व्हिएन्नाच्या नळाचे पाणी मात्र पोटभर प्यावे. ते १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांवरून नळाने येते.

दिवसाची आखणी अशी होती: सकाळी एकच मोठी गोष्ट, दुपारी घरी येऊन जेवण आणि झोप, संध्याकाळी ज्याला जे हवे ते. मे महिन्यात तिकडे आठ वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणून दुपार झोपेत गेली तरी काही बुडत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्याने आई पहिले दोन दिवस अडीचलाच उठून बसली. तिची सकाळ लवकर होते हे धरून आम्ही रांगा लागण्यापूर्वीच दारात हजर असू.

आणखी एक नियम आम्हाला उपयोगी पडला: एकाच ठिकाणी दोन वाटा असाव्यात. शहराच्या मध्यभागी सेंट स्टीफनचे मोठे चर्च आहे. त्याचा दक्षिण मनोरा १४३३ साली पुरा झाला; त्याला ३४३ पायऱ्या आहेत. जावई आणि नातू त्यावर चढले. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे. त्यातून आई वर गेली आणि तिथली वीस टनांची घंटा तिने पाहिली. पहिली घंटा १७११ साली तुर्कांच्या तोफा वितळवून ओतलेली होती, ती १९४५ च्या आगीत कोसळून फुटली. तिच्याच तुकड्यांपासून १९५१ साली ही ओतली. जेवताना प्रत्येकापाशी सांगायला आपापले काही होते. कोणी कोणाची वाट पाहत खाली बसले नव्हते.

पण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते एका चित्राविषयी. तिथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराची बारा चित्रे आहेत. जगात एका ठिकाणी इतकी कुठेही नाहीत. संग्रहालय प्रचंड आहे, आणि आम्ही त्यातले एवढेच दालन पाहायचे ठरवले होते. सबंध संग्रहालय पायाखाली घालणारे लोक शेवटी फक्त पाय दुखल्याचे सांगतात. त्या दालनात १५६० सालचे मुलांच्या खेळांचे चित्र आहे. एका गावाच्या चौकात दोनशेहून अधिक मुले ऐंशीएक खेळ खेळत आहेत. आई समोरच्या बाकावर बसली, नातू जवळ उभा राहिला. तो म्हणाला, "पणजी, हा बघ चाक पळवतोय." ती म्हणाली, "ती आंधळी कोशिंबीर." मग डाव्या कोपऱ्यात खाली बसलेल्या दोघीजणींकडे तिचे लक्ष गेले. त्या हाडांचे खडे उडवून झेलत होत्या. आई उठून जवळ गेली, आणि मागे वळून मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, या सागरगोटे खेळतायत!" दालनातला पहारेकरी हसला. आम्ही त्या एका चित्रापाशी चाळीस मिनिटे होतो, आणि नातवाने एकदाही "चला" म्हटले नाही. संध्याकाळी तिने त्याला घराच्या फरशीवर द्राक्षांनी सागरगोटे शिकवले. जावयांच्या पहिल्या तक्त्यात या संग्रहालयाला पन्नास मिनिटे होती.

ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात. दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवावी लागते. आमच्या मंडळींची त्यावर कुरकुर झाली. मी म्हटले, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलीलाही आई आहे, तिलाही रविवार हवा. पहिल्या मेलाही सारे बंद होते. त्या दिवशी नगरभवनापुढे कामगारांचा मेळावा भरतो. त्या शहरात ही प्रथा १८९० पासूनची आहे. तो दिवस माझ्या वाट्याचा होता, आणि कोणी तक्रार केली नाही.

रविवार माझ्या आईच्या वाट्याला गेला, तो ठरवून नव्हे. भुयारी रेल्वेच्या चौथ्या मार्गाने शेवटच्या स्थानकावर उतरले की समोरच कार्ल मार्क्स होफ ही वसाहत आहे. ती १९३० साली खुली झाली. लांबी किलोमीटरहून अधिक, घरे १,३८२. नगरपालिकेने घरांवर कर बसवून, मोठ्या घरांवर जास्त बसवून, त्या पैशातून कामगारांसाठी अशी साठ हजारांवर घरे बांधली. १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारने याच इमारतीवर तोफा डागल्या. वसाहतीच्या जुन्या धुणीघरात आता एक लहान संग्रहालय आहे. ते रोज उघडे नसते, दिवस पाहून जावे. मी भारावून भाषण देऊ लागलो होतो. आईने मला थांबवून विचारले, "नळ घरात होता का?"

"होता, आई. नळ आणि संडास, प्रत्येक घरात."

आमची खोली बीडीडी चाळीतली, १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास सामाईक. त्या चाळी मुंबई सरकारने १९२० नंतरच्या वर्षांतच बांधल्या, म्हणजे दोन्ही इमारती जवळजवळ एकाच पिढीतल्या. आई धुणीघरातल्या जुन्या फोटोंतल्या बायका बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पाण्यासाठी मी चार वाजता उठत होते." बाहेर अंगणात आम्ही पाऊण तास बसलो. त्या दिवशी आणखी काही पाहिले नाही.

प्रागविषयी फार सांगत नाही. तिथले रस्ते दगडगोट्यांचे आहेत. नाजूक चपला न्यायच्या नाहीत. किल्ला टेकडीवर आहे, पण बावीस नंबरच्या ट्रामने वर जाता येते आणि मग उतारावरून हळूहळू खाली यावे. उतरताना आईचा गुडघा धरतो म्हणून तिला परतही ट्रामनेच आणले. पुलापाशी सगळे भेटलो. चार्ल्स पुलाचा पायाचा दगड १३५७ सालचा, लांबी पाचशे मीटरहून अधिक. हा पूल आई दोन दिवसांत अर्धा अर्धा चालली. जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे. त्यावरचे खगोलदर्शक घड्याळ १४१० सालचे. दंतकथा अशी की घड्याळ करणाऱ्याने दुसरीकडे तसे करू नये म्हणून नगरपरिषदेने त्याचे डोळे काढले. दंतकथाच ती, पण चांगल्या कामाचा असा बोनस मागू नये, असे मी नातवाला सांगितले.

आता पैशाचे. आईला आपला वाटा द्यायचा होता आणि मुलगी घेईना. त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. म्हाताऱ्या माणसाला फुकट नेले की ते तिथे तोंड उघडत नाही. "दमले" म्हणायचाही त्याला संकोच वाटतो. शेवटी खर्चाच्या वहीत "बसण्याचा खर्च" असे निराळे खाते काढले, आणि ते आईच्या नावावर टाकले. व्हिएन्नाच्या कॉफीघरांत एका कपावर तासन् तास बसू देतात, बरोबर पाण्याचा पेला देतात, आणि कोणी उठवत नाही. बसायचे केव्हा आणि कुठे हे आई ठरवी, आणि पैसे तिच्या कापडी पिशवीतून निघत. परत आल्यावर हिशेब केला तेव्हा सगळी खाती अंदाजाच्या आत राहिली होती, आणि बसण्याचा खर्च मात्र दुपटीहून जास्त झाला होता. आईने वही पाहिली आणि जावयांना म्हणाली, "बुडापेस्टात हे खाते आधीच मोठे धरा."