सदोष बांधकाम आणि घरमालकाचे कायदेशीर उपाय

ठेकेदाराने बांधून दिलेल्या घराची गच्ची पहिल्याच पावसाळ्यात गळू लागली, भिंतींना ओल आली, गिलावा सुटला, तर घरमालकाने काय करावे? कायद्याने त्याला एकाहून अधिक मार्ग दिले आहेत. त्यांपैकी कोणता मार्ग खुला आहे हे प्रतिपक्ष कोण यावर अवलंबून असते. तो फलदायी होईल की नाही हे मात्र पुष्कळ अंशी दुरुस्तीपूर्वी मालकाने काय केले यावर ठरते. या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते.

मूळ तत्त्व १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये आहे. करारभंगामुळे स्वाभाविकपणे उद्भवलेली, अथवा करार करतेवेळी उभय पक्षांना अपेक्षित असलेली हानी भरून मागता येते. दूरान्वयाने झालेली हानी मागता येत नाही. या कलमाखालील दोन दृष्टान्त प्रस्तुत विषयाचेच आहेत. पहिल्यात, आगाऊ पैसे घेऊन घराची दुरुस्ती कराराबरहुकूम न करणाऱ्याकडून ती तशी करून घेण्याचा खर्च मालकास मिळतो. दुसऱ्यात, घर इतके निकृष्ट बांधले जाते की ते मुदतीपूर्वीच कोसळते. ते भाड्याने देण्याचे ठरले आहे याची बांधणाऱ्यास कल्पना दिलेली असल्यामुळे पुनर्बांधणीचा खर्च, बुडालेले भाडे व भाडेकरूस द्यावी लागलेली भरपाई हे तिन्ही त्याच्यावर पडतात.

तथापि याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार, हानी टाळण्याची जी साधने उपलब्ध होती तीही भरपाई ठरविताना विचारात घेतली जातात. येथे मालकापुढे पेच उभा राहतो. दुरुस्ती लांबविली तर हानी वाढू दिल्याचा दोष त्याच्याकडे येतो. घाईने केली तर दोषाचा पुरावाच नाहीसा होतो.

या पेचातून वाट काढण्यास १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे, २०१८ मध्ये बदललेले, कलम २० उपयोगी पडते. प्रतिपक्षास किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन, तरीही त्याने वचन पाळले नाही तर, ते काम दुसऱ्याकडून करवून घेता येते व खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. नोटीस दिली नाही तर या कलमाखाली खर्च मागता येत नाही. कलमाची भाषा वचन न पाळण्याची आहे. परंतु सदोष काम ही तेवढ्यापुरती वचनाची अपूर्तीच होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नोटिशीच्या मुदतीत निष्णात स्थापत्य अभियंत्याकडून दोषांचा लेखी अहवाल, मोजमापे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

आता दाद कोठे मागावी हा प्रश्न. दिवाणी दावा करारभंगापासून ३ वर्षांत दाखल करावा लागतो. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. सबळ कारण असल्यास विलंब क्षमापित होऊ शकतो. गृहबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे १९९३ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहकास आयोगाचा मार्ग बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मानले. दिवाणी न्यायालयात मात्र ते कलम आड येऊ शकते.

विकसकाकडून सदनिका घेणाऱ्याची स्थिती निराळी आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १४ अन्वये, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला रचनेचा वा कारागिरीचा दोष विकसकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावा लागतो. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकरवी घर बांधणाऱ्यास हे संरक्षण नाही. म्हणून दोषनिवारणाची मुदत, साहित्याचा दर्जा आणि राखून ठेवावयाची रक्कम या बाबी त्याने करारातच लिहून घेणे अगत्याचे ठरते.